बॉम्बचं सुतक

सन दोन हजार दोनच्या वैशाखात दोन देश उशाशी अणुबॉम्ब घेऊन एकमेकांकडे डोळे वटारून बसले होते. दोघांनीही तो टाकला नाही. टाकला तो पिंपळखडकाने, आणि एकाने भागलं नाही म्हणून दोन टाकले. निरगुडसरच्या पलीकडचं हे तीनेकशे उंबऱ्यांचं गाव. त्याच्या वरच्या आळीने खालच्या आळीवर ऐन यात्रेत, भैरवनाथाच्या साक्षीने बॉम्ब टाकला. पेपरात ही बातमी आली नाही, कारण बोलावलेला वार्ताहर त्या वेळी मटणाच्या पंगतीला बसला होता.

बॉम्ब टाकणाऱ्याचं नाव धर्माजी. साठी उलटलेली, मिशा पिळदार, यात्रा कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. कुणाची गाय अडली, कुणाची पोर नांदेनाशी झाली, की चपला न घालता धावायचा. फक्त जिभेला हाड नव्हतं, आणि त्या वर्षी टीव्हीने त्या जिभेला चांगलंच खतपाणी घातलं होतं.

टीव्ही होता सुगनचंदांच्या किराणा दुकानात. सुगनचंदांचे आजोबा मारवाडातून आले, वडील इथल्या मातीत मुरले आणि सुगनचंद तर भांडायचे सुद्धा मराठीतच. दोन्ही आळ्यांचा एकमेकींवर विश्वास नसल्यामुळे यात्रेचा खजिना पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरी असायचा. त्यांच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसून धर्माजी रोज संध्याकाळी बातम्या बघत आणि रोज संध्याकाळी एकदा तरी बॉम्ब टाकत.

"मला सांगा," धर्माजी म्हणायचे, "पाच म्हैनं झालं फौजा शिवेवर बसल्यात. रोज एकदोन जवान मरत्यात. असं वर्सभर चाललं तर किती व्हतील? त्यापरीस एकदाच दणका द्यायचा. त्यांची माणसं मरतील, कबूल. पर फुडं मरायची ती वाचतील का न्हाई? जपानात हेच केलं. लढाई तवाच बंद!"

"टाकून द्यावा एकदाचा," सुगनचंद म्हणायचे. हे सुगनचंद सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नसत. कांदा-बटाटा घरात येत नसे. साखरेच्या पोत्याला मुंग्या लागल्या तर त्यांना मोरपिसाने वाट दाखवत. आतून त्यांची बायको सूरजबाई एकदा म्हणाली होती, "पाणी गाळून पिता आणि गावंच्या गावं जाळायला निघालात का?" त्यावर सुगनचंदांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

आता बॉम्ब हे धर्माजींचं बोलणं होतं, पण त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. तो होता बैलगाड्यात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडे पळतात. एका गाड्याला चार बैल. धर्माजींचा गाडा लागोपाठ तीन यात्रांत दुसरा आला होता. दुसरा येणं म्हणजे काय असतं ते ज्याचा गाडा पळतो त्यालाच ठाऊक. त्यापेक्षा शेवटचा आलेला परवडला, लोक त्याला विसरतात तरी. यंदा मात्र गाडा जमला होता. मागची जोडी धर्माजींची आणि पुढची जोडी त्यांच्या थोरल्या बहिणीची, कुशाबाईची. कुशाबाई खालच्या आळीत दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने दोन खोंड हाताने भरवून, पोटच्या पोरांसारखे वाढवले होते. ती चौकडी एकत्र पळाली की घाटाला वारं सुटायचं, आणि त्यातली एक जरी जोडी बदलली तरी बाकीचे दोघे फुरंगटून बसायचे. म्हणजे पहिलं यायचं तर आक्काचे बैल हवेतच.

खालच्या आळीत दिलेली म्हणताना आणखी एक सांगायला हवं. वरच्या आळीचं खालच्या आळीशी कधी पटलं नाही, आणि खालच्या आळीशिवाय दुसरीकडे सोयरीक करायचंही वरच्या आळीला कधी सुचलं नाही. पाणी, पालखीचा मान, घाटात आधी कुणी पळायचं, सगळ्यावरून वाद. आणि लेकी मात्र डोळे मिटून तिथेच द्यायच्या. माहेर-सासर यांत एक ओढा. भांडण झालं की पोरी दोन्हीकडून बोलणी खायच्या.

यात्रेला तमाशा आला होता झुंबरबाईंचा. नारायणगावला राहुट्या पडतात तिथून कमिटीने ठरवून आणलेला फड. रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाने देवळापुढे पुन्हा खेळ करायचा, त्याला हजेरी म्हणतात. रात्री बायका येत नाहीत. हजेरीला मात्र सगळं गाव येतं, लेकुरवाळ्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. वरची आळी देवळाच्या उजव्या अंगाला बसते, खालची डाव्या अंगाला चिंचेखाली. ही पद्धत बापजाद्यांपासूनची, तिला कारण नाही.

फडाचा सोंगाड्या जानकू. अंगाने काडी, चेहऱ्यावर रात्रीचा रंग अर्धा उतरलेला. तो सकाळीच सुगनचंदांच्या बाकड्यावर चहाला बसला होता आणि यात्रेमुळे त्या दिवशी सकाळीच सुरू झालेली धर्माजींची लढाई त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती. हजेरीत त्याने दोन राजांचा वग लावला. दोन राज्यांची लढाई, बारा वर्षं झाली तरी मिटेना. पण राजाचं काम करणाऱ्याचा घसा रात्रीच बसलेला. जानकूने गर्दीवर नजर फिरवली आणि हात जोडले.

"राजा कशाला हुडकायचा, मंडळी? राजा तर तुमच्या गावातच हाये. रोज चहासंगं लढाई जिंकतोय!"

गाव खदखदून हसलं. धर्माजींनी नाही नाही म्हणायच्या आत चार पोरांनी त्यांना उचलून खुर्चीवर बसवलं. डोक्याला जरीचा फेटा आला. पुढ्यात स्टूल, स्टुलावर पालथा पितळी पेला.

"महाराज, हे बटन," जानकू म्हणाला. "ह्याच्यावर थाप मारली की आपला बॉम्ब सुटला. ही उजवीकडची आपली प्रजा. आन ते चिंचंखालचं दुश्मनाचं शहर."

खालच्या आळीने हुर्यो केली. वरच्या आळीने शिट्ट्या मारल्या. सगळ्यांना भलतीच मजा वाटली. मागे दारूकामवाला सुतळी बॉम्ब घेऊन तयार होता.

"आदी मोकळ्या माळावर एक फोडून दावू का, महाराज? आवाजानंच भितील."

"एवढी म्हागाची दारू माळावर नासू का?" धर्माजी म्हणाले. हशा झाला.

"मंग दवंडी पिटू? बॉम्ब येतोय, सावध ऱ्हावा म्हणून?"

"सांगितलं तर पळून जातील. मंग टाकायचा कुणावर?"

टाळ्या पडल्या. धर्माजी खुर्चीत सरसावून बसले. सरपंचकीला दोनदा उभे राहून दोनदा पडलेला हा माणूस. त्याच्या बोलण्याला एवढ्या टाळ्या जन्मात पडल्या नव्हत्या.

"तिथं एक तान्हं पोर हाय, महाराज."

"मोठं झालं की तलवारच धरणार!"

"आन त्याची आय?"

"तिनंच तर जन्माला घातलं!"

उजवीकडे माणसं हसून हसून लोळायला लागली. कुणी फेटा उडवला, कुणी महाराजांच्या नावाने बक्षीस पुकारलं. उत्तरं आपोआप जिभेवर येत होती, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा फर्मास. मग जानकू जवळ आला. त्याचा आवाज खाली आला, पण माईक तोंडाशी होता म्हणून सगळ्यांनी ऐकला.

"शेवटचं इचारतो, महाराज. त्या शहरात तुमच्या वळखीचं कुनी हाय का? असंल तर आत्ताच सांगा. त्याला भाईर काढू, मंग टाकू."

धर्माजींनी चिंचेकडे पाहिलं. बायकांच्या पहिल्याच रांगेत कुशाबाई बसली होती. विटकरी लुगडं, मांडीवर शेजारणीचं पोर. उन्हासाठी कपाळावर हात धरून ती भावाकडे बघत होती आणि तोंडावर हसू होतं. आपला धर्मा राजा झाला याचं हसू.

ती त्यांना दिसली. अगदी स्वच्छ दिसली. माझी आक्का हाय तिथं, एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हणावं तर राजाचा झाला असता बहिणीचा भाऊ. टाळ्या थांबल्या असत्या, आणि हशा झाला असता तो वेगळा. उजवीकडून गाव ओरडत होतं, "टाका! टाका!"

"कुणी न्हाई," धर्माजी म्हणाले आणि पेल्यावर थाप मारली.

कानठळ्या बसल्या. चिंचेवरचे कावळे उडाले. खालच्या आळीची पोरं खिदळत आडवी पडली. उजवी बाजू उठून उभी राहिली आणि एकच कल्ला झाला, "वन्स मोर! वन्स मोर!"

जानकू धावत आला. "महाराज, त्यांचा दूत आलाय. शरण येतो म्हणतोय. लढाई संपली!"

धर्माजींनी एक कान गर्दीकडे लावला. "दूताला म्हणावं जरा थांब," ते म्हणाले. "लोकांचा आग्रव हाय."

आणि दुसरी थाप मारली.

हजेरी तिथेच संपली. त्याहून रंगणार तरी काय? लोक पोट धरून घराकडे गेले. कुशाबाई मात्र मांडीवरचं पोर त्याच्या आईकडे देऊन आधीच उठली होती. धर्माजींनी तिला जाताना पाहिलं. बैलांना पेंड द्यायला गेली असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुपारी ते बैल आणायला गेले तर बैल दावणीलाच. शिंगं रंगवलेली नाहीत, झुली बाहेर काढलेल्या नाहीत. कुशाबाई पडवीत खांबाला टेकून बसली होती.

"आक्का, शिंगं रंगवायची न्हाईत व्हय?"

"कोण रंगवणार? मी मेले की सकाळी."

धर्माजी हसले. ती हसली नाही.

"आगं नाटक व्हतं ते."

"व्हय. नाटकात मेले. मंग गाडा बी नाटकातच पळव."

बायकांच्या कानाला वाऱ्याचीही गरज नसते. कुशाबाई काय बोलली ते घटकाभरात ओढ्यापलीकडच्या घराघरांत गेलं, आणि मग एकेकीला आठवायला लागलं. वरच्या आळीच्या दीडेकशे लेकी तिथे नांदत होत्या. बॉम्ब पडत होता तेव्हा उजवीकडे कोण कोण काय करत होतं, ते प्रत्येकीने डोळ्यांनी पाहिलं होतं. एकीचा सख्खा चुलता तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवत होता. एकीचा बाप वन्स मोर म्हणता म्हणता उभा राहिला होता. "त्यो दुसरा तर आमी शरण आल्यावर टाकला," एकजण म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. पुरुषांना रडूबिडू काही आलं नाही. त्यांना आयतं निमित्त मिळालं. खालच्या आळीचा म्होरक्या सावळेराम देवळात जाऊन मोठ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आमच्या आळीत आता कुणी जितं न्हाई. मेल्या माणसांनी निवद कसा आणायचा? पालखीला खांदा कसा द्यायचा?"

वरची आळी म्हणाली, नका देऊ, आम्ही उचलतो. तेवढ्यात देवळातला रखमाजी गुरव बाहेर आला. हा माणूस रीतीभातीत कच्चा नव्हता.

"तुमाला बी उचलता येनार न्हाई," तो म्हणाला. "लेक मेली की म्हायेराला तीन दिसांचं सुतक. वरच्या आळीत असं एक घर दावा, ज्याची लेक खाली दिलेली न्हाई."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. असं घर नव्हतं.

"आरं पर मरण खोटं व्हतं!" कुणीतरी ओरडलं.

"निवद तरी देव खरा खातो का?" रखमाजी म्हणाला. "आपण दावतो, आन त्यो जेवला म्हणतो. दावलेला निवद चालतो, तर दावलेलं मरण का चालू नये?"

देवळातल्या देवळात पालखी अडली. पालखी निघाल्याशिवाय घाटात पहिला गाडा सुटत नाही, म्हणून गाडे अडले. पाबळ, मंचर, पार वारूळवाडीपासून आलेले गाडेवाले उन्हात बैल धरून उभे राहिले आणि विचारायला लागले, काय झालंय? त्यांना काय सांगणार? बॉम्ब पडलाय म्हणून?

चार माणसं पळत तमाशाच्या ट्रककडे गेली. राहुटी गुंडाळून झाली होती, ट्रक डिंभ्याच्या रस्त्याला लागत होता. "जानकूभाऊ, तेवढं जितं करून जा!" त्यांनी गळ घातली.

"मारायचं सुपारीत बसतं, राव," जानकू वरून म्हणाला. "जितं करायचा वग आमी कधी बशिवलाच न्हाई. कुनी मागतच न्हाई."

केबिनमध्ये बसलेल्या झुंबरबाईंनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाल्या, "ज्यानं मारलं त्यालाच इचारा की." ट्रक निघून गेला.

मग धर्माजी उभे राहिले. बाकड्यावर जे चालतं ते देवळापुढेही चालेल असं त्यांना वाटलं. "आसं डोक्यात राख घालून घेऊ नका," ते म्हणाले. "लढाई बारा वर्सं चालली व्हती. एका दणक्यात संपली का न्हाई? मेली ती मेली. पर वाचली किती त्याचा इचार करा!"

"कोण वाचली?" सावळेरामने विचारलं.

"तुमचीच माणसं! लढाई चालू ऱ्हायली असती तर फुडं मेलीच असती."

"फुडचं फुडं बघितलं असतं. तुमाला कुणी सांगितली व्हती घाई?"

"आन त्यो दुसरा कशापायी?" मागून एका बाईने विचारलं. आग्रह होता, हे कारण सकाळी जेवढं झकास वाटलं होतं तेवढं आता वाटेना.

शेवटी सुगनचंदांना पुढे केलं, कारण ते कुठल्याच आळीचे नव्हते. ते घाम पुसत म्हणाले, "आमच्यात तर असं आहे, की पिठाचा कोंबडा करून कापला तरी कोंबडा मारल्याचं पाप लागतं. हात कशावर चालला ते बघत नाहीत, मनात काय होतं ते बघतात."

"मंग तुमी रोज बाकड्यावर टाका टाका म्हणता, त्याचं वो?"

सुगनचंदांनी घसा खाकरला. "ते आपलं बातम्या बघताना म्हणायचो," ते म्हणाले आणि हळूच मागच्या रांगेत गेले. बॉम्बच्या बाजूने असलेली निम्मी माणसं त्या दुपारी अशीच मागच्या रांगेत सापडली.

अखेर तोडगा रखमाजीनेच काढला. मेलेल्या लेकींमध्ये वयाने थोर कोण? कुशाबाई. तिने माफ केलं म्हणजे सुतक फिटलं असं धरू. सगळ्या गावाचे डोळे धर्माजींकडे वळले. त्यांनी नारळ घेतला आणि ओढा ओलांडला. वाटेत त्यांच्या डोक्यात गाव नव्हतं, पालखी नव्हती. घाटात आपला नंबर पुकारला जाईल आणि आपण बैलांविना उभे असू, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. आणखी एक यात्रा हातची गेली तर पुढच्या यात्रेला हे गुडघे गाड्यामागे धावतील याची खात्री नव्हती.

कुशाबाई तशीच बसली होती. तिने बाकीच्या बायकांना बाहेर पाठवलं.

"गावाची यात्रा अडलीय, आक्का."

"बैल पायजेत का?"

धर्माजींनी मान हलवली.

"ने की मंग. आन देवळात सांग, कुशा कुणावर रुसली न्हाई. पालखी उचला म्हणावं." धर्माजी चकितच झाले. त्यांनी दोन तासांचं रडगाणं गृहीत धरलं होतं. ते पुढे सरले, तसा तिने हात वर केला. "थांब. एकच सांगून जा. काय बी सांगितलंस तरी बैल तुझेच, देवाशप्पथ. त्या सोंगाड्यानं वळखीचं कुणी हाय का इचारलं. तवा मी तुला दिसले व्हते का?"

दावणीला बैल कडबा चघळत होते.

"इमानातनं टाकणाऱ्याला खाली माणूस दिसतच न्हाई म्हणत्यात," ती म्हणाली. "त्याचं मी समजू शकते. त्याला कुणी आक्का दिसत नसंल. पर तू तर हाकेच्या आत व्हतास, धर्मा. मी तुझ्याकडं बघून हासत व्हते. दिसले का?"

धर्माजींनी विचार केला. सारी हयात गावच्या राजकारणात गेलेली. समोरच्याने खरं विचारलं की आपण सोयीचं सांगायचं, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. काय बी सांग म्हणते, पण दिसलीस म्हणालो तर डोळ्याला पदर लावेल, आणि मग कसले बैल? शिवाय एक गोष्ट होती जी त्यांनी मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारली नाही. दिसलीस असं एकदा तोंडाने म्हटलं, की ती दिसली होती हे खरंच ठरणार होतं.

"उन्हाची तिरीप व्हती, आक्का," ते म्हणाले. "न्हाई दिसलीस."

कुशाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. ताटातलं एखादं कालवण नासलंय का बघावं, तसं जवळून पाहिलं. मग ती उठली, स्वतःच्या हाताने बैलांची दावी सोडली आणि कासरे भावाच्या हातात दिले.

"बरं," ती म्हणाली. "जा. उशीर व्हईल."

पालखी उठली. खालची आळी जिवंत झाली, वरच्या आळीचं सुतक फिटलं आणि घाटात हलगी कडाडली. धर्माजींचा गाडा सुटला तेव्हा पुढची जोडी अशी उधळली, की माईकवाल्याला त्यांचं नाव घ्यायलाही सवड मिळाली नाही, "झाली, झाली, झाली, भिर्रर्रर्र!" एवढंच काय ते निघालं. दिवसभरात त्या बारीच्या, त्या एका धावेच्या, वेळेजवळही कुणी आलं नाही. पहिला नंबर. धर्माजी चक्क रडले. बैलांच्या गळ्यात पडले, गुडघ्यांची कुरकुर विसरून नाचले. गुलालाने मिशा, फेटा, बैल सगळं एकरंगी झालं. सुगनचंदांच्या पांढऱ्या शर्टाचीही तीच गत झाली, आणि ते सूर्य मावळायला आला तरी घरी जाईनात.

जिंकलेले बैल आधी जिथे वाढले त्या घरी न्यायचे आणि घरच्या बाईने त्यांना ओवाळायचं, अशी गावची रीत. मिरवणूक ओढा ओलांडून खालच्या आळीत शिरली. सकाळी मेलेली माणसं सगळ्यांत पुढे नाचत होती. बॉम्बचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. जिंकल्यावर ते कुणाच्याच तोंडी नसतं.

कुशाबाईच्या दारात रांगोळी नव्हती. आत चूल पेटलेली नव्हती. ती डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस तसेच सोडून, नुसत्या भुईवर बसली होती.

"आक्का!" धर्माजी ओरडले. "पयले आलो! आगं ऊठ, ओवाळ की!"

ती उठली. बाहेर आली, बैलांच्या मानेवरून हात फिरवला, त्यांचे कासरे घेतले आणि दोघांना गोठ्यात नेऊन बांधलं. ओल्या फडक्याने त्यांच्या डोळ्यांजवळचा गुलाल पुसला. मग येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"पावणं," ती धर्माजींना म्हणाली, "गुलाल घिऊन आत येऊ नका. घरात सुतक हाय."

धर्माजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मागून सुगनचंद म्हणाले, "कुशाबाई, सुतक तर मघाच फिटलं ना?"

"माझं फिटलं," कुशाबाई म्हणाली. "ह्ये माझ्या भावाचं हाय. तीन दिस धरीन."

तिने दार लोटून घेतलं. धर्माजी गुलालाचं तोंड घेऊन तिथेच उभे राहिले. मिरवणुकीच्या मागच्या टोकाला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिथे हलगी वाजतच होती आणि माणसं नाचत होती.